जेरॅनिऑलचे शार्पलेस एपॉक्सिडेशन: ईई ६२ टक्क्यांवर का अडकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जेरॅनिऑल या अल्कोहोलवर ५ मोल टक्के (म्हणजे त्याच्या १०० रेणूंमागे ५) टायटेनियम वापरून शार्पलेस एपॉक्सिडेशन केले, म्हणजे दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा अणू बसवला. एपॉक्साइड भरपूर मिळाले, पण एनँशिओमेरिक एक्सेस, म्हणजे ईई (आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकाचे दुसऱ्यावरचे आधिक्य), ६२ टक्क्यांच्या वर जात नाही. काय चुकते आहे? हीच कृती ट्रान्स-स्टिल्बीन या अल्कीनवर (दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनवर) चालेल का? आणि शार्पलेस यांनी टायटेनियम आणि टार्टरेट (टार्टरिक अ‍ॅसिडचे एस्टर) हीच जोडी का धरली?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू या. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

के. बॅरी शार्पलेस यांचा जन्म १९४१ मध्ये फिलाडेल्फियात झाला. १९६३ मध्ये डार्टमथमधून पदवी आणि १९६८ मध्ये स्टॅनफर्डमधून पीएचडी घेऊन ते १९७० मध्ये एमआयटीत अध्यापक झाले. ऑक्सिजनचा अणू हव्या त्या दुहेरी बंधावर नेमका कसा बसवायचा, हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून धरला तो पुढची तीन दशके सोडला नाही. १९७३ मध्ये त्यांनी मायकेलसन या विद्यार्थ्याबरोबर व्हॅनेडियमवरचे काम प्रसिद्ध केले. जेरॅनिऑलमध्ये दोन दुहेरी बंध असतात, एक हायड्रॉक्सिलच्या शेजारी २,३ जागी आणि एक लांब ६,७ जागी. एमसीपीबीएसारखे नेहमीचे परअ‍ॅसिड घातले तर ते लांबच्या, इलेक्ट्रॉन-समृद्ध बंधाकडे आधी जाते. व्हॅनेडिल अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट आणि टर्शरी-ब्युटिल हायड्रोपेरॉक्साइड (पुढे टीबीएचपी) वापरले की ऑक्सिजन जवळपास फक्त २,३ बंधावर बसतो. कारण साधे आहे. अल्कोहोल आधी धातूला चिकटते, पेरॉक्साइडही त्याच धातूला चिकटते, आणि मग ऑक्सिजनला शेजारचाच बंध हाताशी येतो.

मग पुढचा विचार ओघानेच आला: त्याच धातूवर एखादा कायरल लिगँड, म्हणजे धातूला चिकटणारा डावा-उजवा भेद असलेला रेणू, बसवला तर ऑक्सिजन एकाच बाजूने येईल. १९७७ मध्ये व्हॅनेडियमवर कायरल हायड्रॉक्सामिक अ‍ॅसिड बसवून हे करून पाहिले गेले. ईई ५० टक्क्यांच्या आसपासच राहिले. अडचण मुळातच होती. हायड्रॉक्सामिक अ‍ॅसिड बसले की व्हॅनेडियम मंदावते. द्रावणात थोडेसे जरी मोकळे व्हॅनेडियम राहिले तरी ते वेगाने, आणि डावे-उजवे न पाहता, काम उरकून टाकते. निवडक उत्प्रेरक सावकाश आणि आंधळा उत्प्रेरक चपळ, अशा शर्यतीत ईई कधीच वर येत नाही.

जानेवारी १९८० मध्ये स्टॅनफर्डला त्सुतोमु कात्सुकी यांच्याबरोबर टायटेनियम टेट्राआयसोप्रोपॉक्साइड आणि डायएथिल टार्टरेट (पुढे डीईटी) ही जोडी सापडली, आणि हे गणित उलटले. टार्टरेट बसलेले टायटेनियम नुसत्या आयसोप्रोपॉक्साइडपेक्षा वेगाने काम करते. लिगँडमुळे वेग वाढणे, हा शार्पलेस यांच्या कामाचा कणा आहे असे मला वाटते. नोबेलच्या मानपत्रापेक्षाही ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तुमच्या ६२ टक्क्यांचे निदान तिथेच आहे.

उत्पादन भरपूर आणि ईई कमी, याचा अर्थ तुमच्या फ्लास्कमध्ये दुसरा, आंधळा रस्ता उघडा आहे. टार्टरेटमुळे वेग वाढत असला तरी तो इतका वाढत नाही की मोकळे टायटेनियम कितीही चालून जावे. खरा उत्प्रेरक दोन टायटेनियम आणि दोन टार्टरेट यांचा डायमर आहे. टार्टरेट टायटेनियमच्या बरोबरीपेक्षा कमी पडले की लिगँड नसलेले टायटेनियम उरते आणि ईई घसरते. दुपटीपर्यंत नेले तर एका टायटेनियमवर दोन टार्टरेट बसतात आणि ते संयुग जवळजवळ निष्क्रिय असते. ईई टिकते, पण अभिक्रिया रखडते. म्हणून टार्टरेट टायटेनियमच्या १.२ पट ठेवतात, जेरॅनिऑलसाठी १.५ पटीपर्यंतही.

आता प्रत्यक्ष मापे पाहा. १० मिलिमोल जेरॅनिऑल म्हणजे १.५४ ग्रॅम. ५ मोल टक्के टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइड म्हणजे ०.१४२ ग्रॅम, साधारण ०.१५ मिली. ७.५ मोल टक्के डीईटी म्हणजे ०.१५५ ग्रॅम, साधारण ०.१३ मिली. डीईटी मधासारखे दाट असते. ०.१३ मिली सिरिंजने घ्यायला गेलात तर त्यातला बराच भाग सुईत आणि भिंतीला राहतो. टायटेनियमचे द्रव त्यापेक्षा पातळ असल्याने पूर्ण पडते. कागदावर १.५ असलेले प्रमाण फ्लास्कमध्ये १ च्या खाली जाते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. छोट्या मापावर ईई पडण्याचे मला सर्वांत आधी संशयास्पद वाटणारे कारण हेच. डीईटी सिरिंजने मोजू नका. रिकामा फ्लास्क तराजूवर ठेवून थेट त्यातच वजन करा, किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये ज्ञात तीव्रतेचे द्रावण करून ते मोजा.

दुसरा संशयित पाणी. टायटेनियम अल्कॉक्साइड पाण्याने फुटते आणि उत्प्रेरकाची रचना मोडते. १९८० च्या मूळ कृतीत टायटेनियम पूर्ण मोलभर, म्हणजे अल्कोहोलच्या बरोबरीने, वापरले जायचे, त्यामुळे थोडा ओलावा खपून जायचा. ५ मोल टक्क्यांवर तो खपत नाही. १९८६ मध्ये हॅन्सन आणि शार्पलेस यांनी मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषणारे सच्छिद्र कण) घालून ही अभिक्रिया खऱ्या अर्थाने उत्प्रेरकी केली. सीव्ह्ज वगळल्या तर ५ ते १० मोल टक्क्यांवर अभिक्रिया अर्ध्यात थांबू शकते. ४ अँगस्ट्रॉमच्या, भुकटी केलेल्या सीव्ह्ज घ्या. व्हॅक्यूममध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किमान ३ तास तापवा आणि कोरड्या वायूखाली गार करा. बाटलीतून काढून थेट घातलेल्या सीव्ह्ज उपयोगाच्या नाहीत. बाटली उघडी राहिली असेल तर त्या आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात.

डायक्लोरोमिथेनच्या बाटलीवरचे लेबलही वाचा. स्थिरीकरणासाठी मिथेनॉल घातलेले असेल तर ते चालत नाही, कारण मिथेनॉल टायटेनियमवर जागा धरते. अमिलीन घातलेले चालते. कॅल्शियम हायड्राइडवरून ऊर्ध्वपातन केलेले उत्तम. टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइड थंड खोलीत गोठते, त्यात बिघाड नाही. पण बाटलीच्या तोंडाशी पांढरा थर आणि द्रवात गढूळपणा दिसत असेल तर ते फुटलेले आहे. व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातन करा किंवा नवी बाटली उघडा.

तिसरा संशयित घाई. क्रम असा ठेवा: फ्लास्कमध्ये ०.३ ग्रॅम सीव्ह्ज आणि १५ मिली डायक्लोरोमिथेन घ्या. उणे १० अंशांपर्यंत गार करा. डीईटी, मग टायटेनियम घाला. त्यानंतर टीबीएचपीचे ५ मोलर निर्जल द्रावण ३ मिली, म्हणजे १५ मिलिमोल, हळूहळू सोडा. आता उणे २० अंशांवर २० ते ३० मिनिटे नुसते ढवळत ठेवा. या वेळात आयसोप्रोपॉक्साइड जाऊन टार्टरेट बसते आणि डायमर तयार होतो. ही मिनिटे वाचवून जेरॅनिऑल लगेच ओतले तर उत्प्रेरक अर्धवट जुळलेला असतो. त्यानंतर ताजे ऊर्ध्वपातित जेरॅनिऑल १ ते २ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने १५ मिनिटांत सोडा. तापमान उणे १५ च्या वर जाऊ देऊ नका. थर्मामीटर बाथमध्ये नको, द्रावणात हवा. जेरॅनिऑल चपळ आहे, तासाभरात संपते. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) घेताना लक्षात ठेवा की डीईटीचा डाग एपॉक्साइडजवळ येऊन फसवू शकतो.

टीबीएचपीबद्दल थोडे थांबून सांगतो. बाजारात मिळणारे ७० टक्के जलीय द्रावण थेट वापरू नका, त्यातले पाणीच तुमचा प्रयोग बुडवेल. ते टोल्युइनमध्ये काढून, जलथर वेगळा करून, उरलेले पाणी डीन-स्टार्क (पाणी वेगळे करणारे उपकरण) लावून अझिओट्रोपने काढतात. शुद्ध, १०० टक्के टीबीएचपी कधीही वेगळे करू नका. तीव्र द्रावणात तीव्र आम्ल किंवा संक्रमण धातूंचे क्षार कधीही घालू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत वायूचा दाब वाढतो, म्हणून साठवणही जपून करावी लागते. सीव्ह्जवर दिवसेंदिवस ठेवू नका. वापरण्याआधी थोडा वेळ पुरे. द्रावण जुने असेल तर आयोडाइड आणि थायोसल्फेटने टायट्रेट करून खरी तीव्रता काढा.

अभिक्रिया संपल्यावरही ईई किंवा उत्पादन हातचे जाऊ शकते. शिल्लक टीबीएचपी नष्ट केल्याशिवाय द्रावण आटवायचे नाही. ३.३ ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट आणि १ ग्रॅम टार्टरिक अ‍ॅसिड १० मिली पाण्यात विरघळवून ० अंशांवर ठेवा आणि अभिक्रियेचे मिश्रण त्यात हळू ओता. उष्णता निघते, म्हणून उलट क्रम नको. थर वेगळे झाले की पेरॉक्साइड पट्टीने तपासा. उरलेले डीईटी काढण्यासाठी मीठ संपृक्त ३० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड २ ते ३ मिली घालून ० अंशांवर तासभर जोरात ढवळतात. टार्टरेट फुटून पाण्यात जाते. मीठ घालायचे कारण म्हणजे एपॉक्सी अल्कोहोल पाण्यात ओढले जाऊ नये. इथे रात्रभर ढवळत ठेवण्याचा मोह टाळा. आम्लारीत एपॉक्सी अल्कोहोलचे पेन पुनर्रचनेने दुसऱ्या एपॉक्साइडमध्ये रूपांतर होऊ लागते. ग्लिसिडॉलसारख्या लहान रेणूंना हा धुण्याचा मार्गच परवडत नाही. ते पाण्यात जातात आणि टायटेनियमवरच उघडतातही. त्यांच्यासाठी क्युमिन हायड्रोपेरॉक्साइड वापरतात आणि त्याच फ्लास्कमध्ये टॉसिलेट किंवा एस्टर करून घेतात.

मोजमापावरही शंका घ्या. ६२ हा आकडा ध्रुवण-वलनावरून काढला असेल तर तो बाजूला ठेवा. नमुन्यात थोडे डीईटी राहिले तरी आकडा बदलतो, कारण डीईटी स्वतःच कायरल आहे. मोशर एस्टर (दोन्ही रूपे वेगळी दाखवणारे कायरल एस्टर) करून एनएमआर घ्या किंवा दोन्ही रूपे वेगळी करणारी कायरल एचपीएलसी लावा. तुलनेसाठी रेसिमिक (दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असलेला) नमुना लागतो, आणि तो एमसीपीबीएने करू नका. जेरॅनिऑलवर ६,७-एपॉक्साइडची भेसळ येईल आणि तुम्ही भलतीच शिखरे मोजत बसाल. १९७३ ची व्हॅनेडियमची अभिक्रिया इथे नेमकी उपयोगी पडते. तिने २,३-एपॉक्साइड रेसिमिक मिळते.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बाटलीवर एल-(+)-टार्टरेट म्हणजे नैसर्गिक टार्टरिक अ‍ॅसिडचे, आणि त्याची संज्ञा २आर,३आर. डी-(−) म्हणजे २एस,३एस. रेणू कागदावर असा काढा की दुहेरी बंध कागदाच्या पातळीत आणि सीएच२ओएच उजव्या खालच्या कोपऱ्यात येईल. एल-(+) घेतले तर ऑक्सिजन खालून येतो, डी-(−) घेतले तर वरून. जेरॅनिऑलवर एल-(+) ने २एस,३एस एपॉक्साइड मिळते. हा नियम अ‍ॅलिलिक अल्कोहोलांवर फारच क्वचित चुकतो, आणि म्हणूनच संश्लेषण आखताना कागदावर आधीच रचना ठरवता येते. १९८३ मध्ये मासामुने आणि शार्पलेस यांच्या गटांनी याच नियमाच्या आधारावर एल-हेक्सोज शर्करा एकेक करून बांधल्या. मात्र होमोअ‍ॅलिलिक अल्कोहोल, म्हणजे हायड्रॉक्सिल एक कार्बन लांब, असेल तर अभिक्रिया मंद होते, ईई पडते आणि बाजूही उलटते. झेड-अल्कीनही (दुहेरी बंधाचे मुख्य गट एकाच बाजूला असलेले) मंद असतात. त्यांना १० मोल टक्के आणि जास्त वेळ द्या.

दुय्यम अ‍ॅलिलिक अल्कोहोल असेल तर हीच अभिक्रिया रेसिमिक मिश्रण वेगळे करायला वापरता येते. हे काम १९८१ चे. एक एनँशिओमर झपाट्याने एपॉक्साइड होतो, दुसरा मागे राहतो. टीबीएचपी मुद्दाम ०.६ पट घालतात, डीईटीऐवजी डायआयसोप्रोपिल टार्टरेट घेतात. दोन वेगांचे गुणोत्तर २५ असेल तर ६० टक्के रूपांतरावर उरलेले अल्कोहोल ९९ टक्के ईईचे असते.

आता स्टिल्बीन. इथे टायटेनियम चालणार नाही. ट्रान्स-स्टिल्बीनला हायड्रॉक्सिल नाही, त्यामुळे धातूला धरायला काही नाही. कितीही लिगँड बदलले तरी उपयोग नाही. हीच उणीव घेऊन शार्पलेस ऑस्मियमकडे गेले. ते दुहेरी बंधावर एपॉक्साइडऐवजी दोन हायड्रॉक्सिल बसवते, म्हणजे डायऑल देते. पिरिडीनने ऑस्मियम टेट्रॉक्साइडचा वेग वाढतो हे आधीच माहीत होते. म्हणजे पुन्हा तीच खूण: लिगँडमुळे वेग वाढतो आहे. १९८० मध्येच हेन्ट्जेस यांच्याबरोबर सिंकोना (क्विनीनच्या झाडातल्या) अल्कलॉइडांचे अ‍ॅसिटेट वापरून पूर्ण मोलभर ऑस्मियमवर चांगले ईई मिळाले होते. ते उत्प्रेरकी व्हायला १९८८ उजाडले. त्या शोधनिबंधात एरिक जेकबसेन आणि इस्तवान मार्को होते.

तिथेही दुसरा, आंधळा रस्ता आडवा आला. एका थरातल्या द्रावणात एनएमओ हे ऑक्सिडीकारक वापरले की ऑस्मियमचा एस्टर पाण्याने सुटण्याआधीच पुन्हा ऑक्सिडाइज होतो आणि दुसऱ्या अल्कीनवर झडप घालतो. या दुसऱ्या फेरीत सिंकोना लिगँड नसतो, म्हणून ईई खाली येते. पहिला उपाय अल्कीन अगदी हळू सोडण्याचा होता. १९९० मध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि दोन थरांची पद्धत आली आणि प्रश्न मुळातूनच सुटला. फेरिसायनाइड पाण्याच्या थरात राहते. ऑस्मियमला डायऑल सोडून पाण्यात गेल्याशिवाय पुन्हा ऑक्सिडाइज होताच येत नाही. शार्पलेस त्याच वर्षी स्क्रिप्सला गेले आणि १९९२ मध्ये फ्थॅलाझिन लिगँडसह एडी-मिक्स हे तयार मिश्रण, अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारांत, प्रसिद्ध झाले.

१ मिलिमोल, म्हणजे १८० मिलिग्रॅम स्टिल्बीनसाठी १.४ ग्रॅम एडी-मिक्स लागते. त्यात साधारण ०.९८ ग्रॅम फेरिसायनाइड, ०.४१ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १ मोल टक्का लिगँड आणि ०.४ मोल टक्के, म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम, ऑस्मेट (ऑस्मियमचा क्षार) असते. ५ मिली टर्शरी-ब्युटेनॉल आणि ५ मिली पाण्यात ते खोलीच्या तापमानाला ढवळा. दोन स्वच्छ थर दिसले आणि खालचा पिवळा झाला की ९५ मिलिग्रॅम मिथेनसल्फोनामाइड घाला. ते ऑस्मियमच्या एस्टरला लवकर सोडवते. टोकाला दुहेरी बंध असलेल्या अल्कीनसाठी ते घालू नका. ० अंशांवर आणा, थोडे क्षार बाहेर पडतील. मग बारीक वाटलेले स्टिल्बीन एकदम घाला. स्टिल्बीन घन आणि कमी विरघळणारे आहे. इथे सगळे यश ढवळण्यावर आहे. चुंबकी कांडी गाळात अडकून थांबली तर अभिक्रियाही थांबते. ६ ते २४ तास धरून चाला. बीटा मिक्सने आर,आर-हायड्रोबेंझॉइन हे डायऑल मिळते, अल्फाने एस,एस, आणि ईई ९९ टक्क्यांच्या पुढे. शेवटी थंड असतानाच १.५ ग्रॅम सोडियम सल्फाइट घालून तासभर ढवळा. हे कमी पडले तर डायऑलमध्ये ऑस्मियम राहते. एथिल अ‍ॅसिटेटमध्ये काढून २ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुतले की मिथेनसल्फोनामाइड निघून जाते.

ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ डोळ्यांच्या कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला) इजा करते, आणि ऑस्मेट घन असले तरी फ्लास्कमध्ये टेट्रॉक्साइडच तयार होते. चष्मा आणि हूड दोन्ही हवेत. १९७० मध्ये एमआयटीत, घरी निघताना चष्मा काढून ठेवल्यावर, शार्पलेस एका विद्यार्थ्याची वितळवून बंद केलेली एनएमआर नळी उजेडात धरून पाहत होते. आत ऑक्सिजन गोठून द्रव झालेला होता. नळी फुटली आणि त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे २००१ चे नोबेल (निम्मे त्यांना, निम्मे नोल्स आणि नोयोरी यांना), आणि २०२२ चे क्लिक रसायनाबद्दलचे दुसरे, हे सगळे काम त्यांनी एका डोळ्यावर केले. हे नाव माहीत असलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेत ही हकीकतही माहीत असायला हवी.

तुमच्या जेरॅनिऑलकडे परत येतो. साहित्य एकदम सगळे बदलू नका, नाहीतर कारण कळणार नाही. आधी तोच जुना नमुना कायरल एचपीएलसीवर, व्हॅनेडियमने केलेल्या रेसिमिकशेजारी, पुन्हा मोजा. आकडा खराच ६२ निघाला तर १ मिलिमोलवर एक प्रयोग करा. बाकी सगळे तेच, फक्त डीईटी वजन करून १.५ पट. ईई ९० च्या आसपास गेले तर दोष सिरिंजचा होता. हलले नाही तर दुसरा प्रयोग जेरॅनिऑलच्या बरोबरीने टायटेनियम आणि १.२ पट डीईटी घेऊन करा. इथे ईई वर गेले तर दोष पाण्याचा. सीव्ह्ज पुन्हा तापवा आणि टीबीएचपीचे द्रावण नव्याने वाळवा. दोन्हीकडे ६० च्याच आसपास राहिले तर डीईटीच्या बाटलीचे ध्रुवण तपासा.